पावसाळ्यातली बॅरल सफाई: एअर रायफल प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४ : व्याप्ती

रत्नागिरीतल्या क्लबच्या शस्त्रकपाटातल्या सगळ्या ४.५ मिमी एअर रायफली तपासायच्या, ज्यांना गरज आहे तेवढ्यांच्याच बॅरल साफ करायच्या आणि पाऊस सरेपर्यंत एकीलाही गंज लागू द्यायचा नाही, एवढं काम. पी-१, पी-२, पी-३ या सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी मॅच रायफली. एस-१ ते एस-४ या नवशिक्यांच्या बॅचसाठीच्या ब्रेक-बॅरल, म्हणजे बॅरल बिजागरीवर खाली वाकवून भरायच्या, स्प्रिंग रायफली.

‘गरज आहे तेवढ्यांच्याच’ हे मुद्दाम लिहिलं आहे. एअर रायफलीत बारूद जळत नाही, त्यामुळे काजळी नाही, प्रायमरचा कचरा नाही. छर्रा निव्वळ शिशाचा, वर तांब्याचं कवच नाही. मॅच रायफलीतून तो सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने जातो, एवढ्या वेगात शिसं फारसं वितळत-घासत नाही. आत साठतो तो शिशाचा अगदी पातळ थर आणि छर्ऱ्यावरच्या तेलाचा, ग्रॅफाइटचा काळपट लेप. हा लेप ठराविक मर्यादेपर्यंत बॅरलच्या कामाचाच असतो. एअर रायफलीच्या मऊ पोलादाच्या बॅरल छर्ऱ्यांनी क्वचित खराब होतात. खराब होतात त्या मझलकडून (बॅरलच्या पुढच्या तोंडातून) खुपसलेल्या पोलादी सळईने आणि हवा अडवणाऱ्या सीलमध्ये उतरलेल्या तेलाने.

६ जून : साफ करण्याआधी

ग्रुप, म्हणजे एका नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरला की मुलं लगेच ‘बॅरल घाण झाली’ म्हणतात. त्याआधी बघायच्या गोष्टी अशा. स्टॉकचे स्क्रू घट्ट आहेत का. नेम धरायची मागची साइट रेलवर हलते का. सिलिंडरचा दाब रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) चालण्याइतका आहे का. छर्ऱ्यांचा डबा आणि त्यावरचा लॉट नंबर बदलला आहे का. डोक्याचा व्यास ४.४९ वरून ४.५० झाला तरी काही बॅरल लगेच कुरकुरतात.

एस-२ इथेच सुटली. पुढच्या बाजूचे स्टॉकचे दोन्ही स्क्रू अर्धा आटा ढिले होते. स्प्रिंग रायफलीचा पिस्टन सुटताना रायफल मागे ढकलतो आणि पुढे जाऊन थांबताना पुढे खेचतो, त्यामुळे हे स्क्रू आपोआप सैल होतात. स्क्रू काढून तेल पुसलं, आट्यांवर उघडता येणाऱ्या प्रकारच्या थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब दिला, परत बसवले. ग्रुप जागेवर आला. बॅरलला हात लावलेला नाही.

बाकीच्यांचे आधारनोंद ग्रुप घेतले: वाळूच्या पिशव्यांवर टेकून, १० मीटर, एकाच डब्यातले दहा छर्रे. मोजायचं भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, आणि त्यातून ४.५ वजा करायचे. उरतं ते केंद्र ते केंद्र अंतर.

पी-१ : बाहेरून ७.५ मिमी, म्हणजे ३ मिमी. मागच्या हंगामाच्या कार्डावर बाहेरून ६ आहे.
पी-२ : ६ मिमी. कार्डाशी जुळतं. हात लावायचा नाही.
पी-३ : आठ छर्रे एकत्र, दोन बाहेर. एकूण ९ मिमी.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब: १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा असतो. छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र २.५ मिमीपर्यंत सरकलं तर चालतं. पण दशांश गुणांत प्रत्येक ०.१ ची किंमत ०.२५ मिमी आहे. रायफलीनेच दीड मिमी जादा खाल्ला तर नेमबाजाने कितीही नीट मारलं तरी १०.७ चा १०.१ होऊ शकतो.

८ जून : साहित्य

मॅच रायफलीत छर्रा वरून किंवा बाजूच्या खाचेतून भरतात. मागून सरळ सळई घालायला वाट नाही आणि मझलकडून घालायची नाही. म्हणून ओढायची दोरी. विकतची मिळते, पण ग्रास कटरची गोल नायलॉन दोरी हे काम उत्तम करते. आपल्याकडे आंबा-नारळाच्या बागेसाठी ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. १.६ मिमी जाडीची घ्यायची. चौकोनी किंवा तारेच्या आकाराची घ्यायची नाही, तिच्या कडा धारदार असतात.

दोरी सव्वा मीटर कापली. मॅच रायफलीची बॅरल साधारण ४२० मिमी असते, त्यापुढे साइटची नळी येते आणि हातात धरायला पुरेशी लांबी उरावी लागते. एक टोक ब्लेडने तिरपं तासून टोकदार केलं. दुसरं टोक मेणबत्तीवर धरून वितळवलं आणि ओल्या फरशीवर दाबून बटणासारखं केलं. बटण ३.५ मिमीपेक्षा मोठं नको, नाहीतर तेच अडकेल. व्हर्नियरने मोजलं. बटणाच्या कडेला तापवलेल्या सुईने भोक पाडून त्यात मागे सोडायला बारीक तंगूस ओवली, एक मीटर. चिंधी मध्येच अडकली तर हिलाच धरून उलटी ओढून काढायची. या तंगुशीशिवाय दोरी वापरायची नाही, असा नियमच करून ठेवला आहे.

चिंध्या जुन्या सुती धोतराच्या, २० मिमीचे चौकोन. बनियनचं होजिअरी कापड नको, त्याचे धागे सुटतात आणि खाचांत बसतात. टेरीकॉट तेल पीत नाही. चौकोनाचा आकार कापडाच्या जाडीवर ठरतो. कसोटी एकच: दोन बोटांच्या चिमटीत दोरी धरून चिंधी अडखळत नाही, पण रायफलिंगची (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांची) पकड जाणवते. हाताला पीळ द्यावा लागला तर चौकोन दोन मिमीने कमी करायचा.

द्रव: एअरगनसाठीचं उदासीन क्लीनर किंवा बॅलिस्टॉल हे बंदुकीचं तेल. अमोनियाची सॉल्व्हंट तांब्यासाठी असतात, इथे तांबं नाही. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन ओ-रिंग (सीलच्या रबरी कड्या) फुगवतात. खोबरेल तेल अजिबात नको, ते थंडीत गोठतं आणि एरवी चिकट होऊन धूळ धरतं. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण शिसं विरघळवतं हे खरं, पण त्यातून लेड अॅसिटेट तयार होतं. ते विषारी आहे, त्वचेला लागू नये, आणि वर बॅरललाही गंज चढतो.

१० जून : पी-१

आधी सुरक्षा. छर्रा आत नाही याची खात्री, ब्रीच (बॅरलचं मागचं, छर्रा भरायचं तोंड) उघडं. सिलिंडर आटे सोडवून काढला. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हमध्ये उरलेली हवा सुरक्षित दिशेला रिकामे फटके मारून संपवली. आवाज येईनासा झाला की ती संपली. मॅच रायफलीला हे चालतं. स्प्रिंग रायफलीला रिकामा फटका कधीच द्यायचा नाही, ते पुढे येईलच.

रायफल पाळण्यात ठेवली, बट किंचित उचललेला, मझल खाली. यामागचं कारण सरळ आहे: जो थेंब सुटेल तो मझलकडे वाहिला पाहिजे, ब्रीचच्या सीलकडे नाही. हवा जिथून येते त्या छिद्रावर चिंधीची घडी ठेवली.

पुढची साइट आणि तिची नळी काढली नाही. काढली तर परत झिरो करावा, म्हणजे नेम पुन्हा जुळवावा लागतो. दोरी तिच्यातून आरपार जाते.

आधी टोकदार टोकाने चिंधी मधोमध टोचून ती बटणापर्यंत सरकवली. मग टोकदार टोक ब्रीचमधून सरकवलं, मझलमधून बाहेर काढलं. नायलॉनला थोडी लवचीकता असल्याने भरायच्या खाचेतून तिरकं घुसूनही ती पुढे सरळ होते. क्लीनरचे दोन थेंब चिंधीवर. बॅरलमध्ये थेट काहीही ओतायचं नाही. चिंधी सीलजवळून आत जाताना बोटाने तिचे कोपरे आत दाबायचे, नाहीतर कोपरा ओ-रिंगखाली जाऊन ती उचकटते.

मग एकाच दमात, मध्ये न थांबता, आणि बॅरलच्या सरळ रेषेत ओढ. रेषा इथे फार महत्त्वाची. दोरी वर किंवा बाजूला ओढली तर ती मझलच्या कडेवर घासते. नायलॉन मऊ असलं तरी त्यात अडकलेल्या धुळीचा कण मऊ नसतो. दर ओढीनंतर दोरी पुसायची.

पहिली चिंधी बाहेर आली ती काळी, आणि उजेडात तिरकी धरली तर काळ्यात चंदेरी चमक. काळं म्हणजे ग्रॅफाइट आणि तेल, चमक म्हणजे शिसं. दहा मिनिटं थांबून दुसरी ओली चिंधी. मग कोरड्या. ब्रीचच्या पुढची दोन-तीन सेंटीमीटर आणि मझलजवळचा चोक, या दोन ठिकाणी चिंधी जरा जड जाते. छर्रा खाचांत पहिल्यांदा कोरला जातो ती पहिली जागा. बॅरल मुद्दाम काही शतांश मिमी अरुंद केलेली असते ती दुसरी. शिसं बहुधा तिथेच साठतं.

चिंधी फिकट राखाडी आली की थांबायचं. पांढरीशुभ्र येईपर्यंत ओढत राहणं ही एअर रायफलीतली सर्वांत लोकप्रिय चूक आहे. तेवढं केलं की बॅरल अगदी नागडी होते आणि तिला पुन्हा स्थिरावायला दुप्पट छर्रे लागतात.

१२ जून : पी-१ स्थिरावणे

साफ केल्यावर लगेच घेतलेला ग्रुप वाईट आला: वर-खाली लांबट आणि मध्यबिंदू खाली सरकलेला. हे अपेक्षित होतं. खाचांच्या सूक्ष्म खरबरीतपणात शिशाचा आणि वंगणाचा थर पुन्हा एकसारखा बसेपर्यंत प्रत्येक छर्ऱ्याला वेगळं घर्षण मिळतं, म्हणून वेग वेगळा, म्हणून उंची वेगळी. वीस-तीस छर्ऱ्यांत हे थांबतं. तोपर्यंत साइटला हात लावायचा नाही. जो लावतो तो नंतर उलटे क्लिक मोजत बसतो.

तीस छर्ऱ्यांनंतर: बाहेरून ६ मिमी. मध्यबिंदू जुन्या जागी. पी-१ चं काम पूर्ण.

यावरून स्पर्धेचा नियम निघतो. सामन्याच्या आदल्या दिवशी बॅरल साफ करायची नाही. निदान आठवडाभर आधी, आणि मध्ये सरावाचे दोनेकशे छर्रे गेलेले हवेत.

१७ जून : पी-३, बॅरल निर्दोष

पी-३ चे दोन-दोन छर्रे बाहेर जात होते. बॅरल साफ करायला घेण्याआधी डबा उघडून छर्रे पांढऱ्या कागदावर ओतले. काही छर्ऱ्यांच्या स्कर्टच्या (मागच्या पोकळ घेराच्या) आत पांढरी, पिठासारखी पूड. हा शिशाचा गंजच: ओलसर हवा आणि त्यात सेंद्रिय आम्लाच्या वाफा मिळाल्या की शिशावर लेड कार्बोनेट चढतं. डबे प्लायवूडच्या बंद कपाटात होते. लाकडातून, त्यातल्या गोंदातून अशा वाफा सुटतात, आणि आपल्याकडची जूनची हवा. पूड असलेल्या छर्ऱ्याचं वजन आणि स्कर्टची घडण बिघडते, म्हणून तो भरकटतो. शिवाय ही पूड श्वासात जाते.

तो डबा बाद. नव्या डब्यातले ०.५३ ग्रॅमचे मॅच छर्रे लावले. पी-३ बाहेरून ६.५ मिमी. बॅरल न उघडता प्रश्न मिटला. छर्ऱ्यांचे सगळे डबे आता लोखंडी कपाटात, झाकणाभोवती चिकटपट्टी आणि आत सिलिकाची पुडी.

२२ जून : स्प्रिंग रायफली, पद्धत

एस-१ आणि एस-४ च्या बॅरल काढायच्या नाहीत, रायफल कॉक करायची नाही, म्हणजे स्प्रिंग दाबून चढवायची नाही. बॅरल फक्त ब्रीच उघडं होईल इतकीच मोडायची (बिजागरीवर वाकवायची), स्प्रिंगचा दाब हाताला लागायच्या आत थांबायचं. दुसऱ्या माणसाने बॅरल धरून ठेवायची. रायफल कॉक होऊन ट्रिगर सुटला तर बॅरल झटक्यात वर येते. बोट मध्ये असेल तर हाड मोडतं, आणि नुसती सुटली तरी बॅरल कायमची वाकते.

ब्रीचच्या तोंडाशी बॅरलला ओ-रिंग किंवा चामड्याचं सील असतं, आणि समोर कॉम्प्रेशन ट्यूबमध्ये हवेचं छिद्र. त्या छिद्रावर कापूस दाबून ठेवला. तेलाचा एक थेंब त्यातून आत गेला की पुढच्या फटक्यात पिस्टनपुढची हवा इतकी तापते की तेल पेट घेतं. त्याला डिझेलिंग म्हणतात. जादा मोठा आवाज, मझलमधून धुराची रेघ, जळका वास ही त्याची लक्षणं. छर्रा जोरात जातो म्हणून मुलांना बरं वाटतं. पण प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने जातो, सील करपतं, स्प्रिंग लवकर बसते.

म्हणून स्प्रिंग रायफलीला क्लीनरचा एकच थेंब, आणि शेवटी ओलावा राहिला नाही हे दिसेपर्यंत कोरड्या चिंध्या. नंतर रात्रभर मझल खाली करून भिंतीशी उभी, खाली फेल्टचा तुकडा.

फेल्टच्या सफाई गोळ्यांबद्दल नेहमी विचारणा होते. पीसीपीत त्या सोयीच्या आहेत: एकीवर क्लीनरचा थेंब, मागून दोन कोरड्या, तिन्ही पेलेट ट्रॅपमध्ये (छर्रे अडवणाऱ्या डब्यात) मारायच्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर नाही, तिथला पडदा तेलकट होतो. स्प्रिंग रायफलीत मात्र एकटी फेल्ट म्हणजे जवळपास रिकामा फटकाच. तिला वजन नाही, म्हणून पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन ट्यूबच्या तोंडावर आपटतो. दोन-तीन एकत्र भरल्या तर धक्का कमी होतो असं गोळ्या बनवणारेही सांगतात. आपण एस रायफलींना फेल्ट लावतच नाही. दोरी असताना कशाला.

एस-१ च्या चिंध्या भरपूर काळ्या. ग्रुप सुधारला, पण पूर्ण नाही. सगळे छर्रे थोडे उजवीकडे झुकतात. क्राउन (मझलची आतली कड) बघायचं.

४ जुलै : एस-३, गंज

एस-३ परत आली ती फोमच्या हार्ड केसमधून. केस उघडताच ओलसर वास. बॅरलवर बाहेरून बोटांच्या ठशांच्या आकाराचे तांबूस डाग: घामातलं मीठ आणि वर महिनाभर बंद हवा. फोम पाणी धरून ठेवतो, सोडत नाही. केस ही फक्त वाहतुकीसाठी. पावसाळ्यात रायफल तिच्यात ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं.

आत बघायला ब्रीचच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा तिरपा धरला, त्यावर टॉर्च मारली आणि मझलमधून पाहिलं. (बॅरल मोडलेली, ब्रीच मोकळं, दोघांनी पाहून खात्री केल्यावरच. भरलेल्या असो वा रिकाम्या, बंद रायफलीच्या मझलला डोळा लावायचा नाही.) खाचा दिसतात, पण मधल्या भागात चकाकीऐवजी तपकिरी धुरकटपणा. कोरडी चिंधी ओढली. ती काळी आली नाही, विटकरी आली.

७ जुलै : एस-३, उपाय

पहिली ओली चिंधी हलक्या तेलाने भिजवून ओढली आणि बॅरल मझलकडे उतरती ठेवून रात्रभर सोडली. तेलाला गंजाच्या खाली शिरायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी नायलॉनचा ४.५ मिमी ब्रश, प्लास्टिकचं आवरण असलेल्या सळईवर. ब्रेक-बॅरलमध्ये ब्रीचकडून सरळ वाट मिळते, म्हणून इथे सळई चालते. ब्रश मझलच्या पूर्ण बाहेर गेल्याशिवाय उलटा ओढायचा नाही. मध्येच उलटा केला तर तार वाकतात आणि सळई कडेला घासते. बाहेर आल्यावर ब्रश काढून ठेवायचा आणि सळई रिकामी मागे घ्यायची.

नायलॉनने विटकरी रंग कमी झाला, गेला नाही. मग ब्रॉन्झचा ब्रश, थोडेच फेरे. ब्रॉन्झ पोलादापेक्षा मऊ असतं, तरी त्याची दांडी आणि टोक पाहून घ्यायचं. स्वस्त ब्रशचं टोक लोखंडी निघतं. चुंबक लावून बघणे.

शेवटी कोरड्या चिंध्या राखाडी आल्या. टॉर्चने पाहिल्यावर तपकिरी रंग नाही, पण सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके राहिले आहेत. ते खड्डे आहेत, घासून जात नाहीत. घासण्याची पेस्ट वापरली तर भोवतीच्या खाचा झिजतील आणि खड्डे तसेच राहतील. त्यात शिसं लवकर साठेल, म्हणून एस-३ ची तपासणी इतरांच्या दुप्पट वेळा.

एक छर्रा ब्रीचमध्ये बसवून सळईने हळूहळू पुढे ढकलला. चांगल्या बॅरलमध्ये हात सुरुवातीला जड, मग एकसारखा हलका, चोकला पुन्हा जड. एस-३ मध्ये मधल्या भागात किंचित खरखर. बाहेर आलेल्या छर्ऱ्यावर भिंगाखाली बारा खाचांचे ठसे पूर्ण आणि सारख्या खोलीचे आहेत. नवशिक्यांना चालेल. वरच्या गटाला द्यायची नाही.

१२ जुलै : साठवण

हवेतली आर्द्रता ९० टक्के आणि तापमान २८ अंश असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. एसी खोलीतली २४ अंशांची रायफल अशा हवेत आणली की बॅरलवर आतून-बाहेरून पाणी धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. उपाय: एसी खोलीतून काढताना रायफल बंद पिशवीतच आणायची आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा-पाऊण तास पिशवी उघडायची नाही.

लोखंडी कपाटात नारिंगी सिलिका जेल, अर्धा किलो. हिरवी झाली की लोखंडी तव्यावर मंद आचेवर, १२० अंशांच्या आत, परत नारिंगी होईपर्यंत. जास्त तापवली तर दाणे निकामी होतात. आर्द्रतामापक कपाटाच्या आत लावला, दारावर नाही.

नेमाने वापरात असलेल्या बॅरलना आतून तेल नाही, शिशाचा लेप आणि रोजचा वापर हेच संरक्षण. पंधरा दिवसांपेक्षा जास्त पडून राहणाऱ्या रायफलीला आतून बॅलिस्टॉलची एक चिंधी, आणि बाहेरून ट्रिगर गार्डला लाल दोरा. लाल दोरा म्हणजे आधी दोन कोरड्या चिंध्या, मग छर्रा. बाहेरून रोज तेलकट फडकं, विशेषतः जिथे गाल आणि तळहात टेकतो त्याच्या पुढे.

हातपंपाने भरलेल्या सिलिंडरचं वेगळं. दमट हवा २०० बारला दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये सुटतं. पाऊस असेपर्यंत कॉम्प्रेसरवर फिल्टरमधूनच भरायचं, हातपंप बाजूला. सिलिंडरवर कोरलेली मुदत रजिस्टरात उतरवली. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत आणू नये ही जबाबदारी नेमबाजाचीच असते.

१ ऑगस्ट

दुपारी काम बंद. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य, ४५१.४ गुण. संध्याकाळपासून क्लबच्या फोनवर प्रवेशाची चौकशी.

नवीन येणाऱ्यांसाठी एक खुलासा इथेच: त्याची रायफल पॉइंट २२ रिमफायर, तिच्यात बारूद जळतं. गोळीवरचं मेण, प्रायमरची काचेसारखी खरबरीत राख, शिसं, सगळं आत राहतं. त्या बॅरलच्या सफाईचे व्हिडिओ पाहून ते सॉल्व्हंट आणि ते ब्रश एअर रायफलीला लावू नयेत.

८ ऑगस्ट : एस-१, क्राउन

मझलच्या कडेवरून कापसाची कांडी आतून बाहेर सर्व बाजूंनी फिरवली. एका जागी, घड्याळातल्या चारच्या आसपास, तंतू अडकला. भिंगाखाली तिथे बारीक बर (धातूचा उचललेला कंगोरा) दिसते. मझलवरच्या शिशाच्या राखाडी किरणांनीही तेच सांगितलं: बाकी किरण सारखे, त्या बाजूचा लांब. छर्रा बाहेर पडताना हवा त्या बाजूने आधी सुटते आणि त्याला ढकलते. ही खूण बहुधा कधीकाळी मझलकडून घातलेल्या सळईची.

दुरुस्ती: मझलच्या आत एक सेंटीमीटरवर तेलात भिजवलेल्या कापसाचा बोळा घट्ट बसवला, पेस्ट आत जाऊ नये म्हणून. गोल डोक्याचा पितळी स्क्रू हातड्रिलमध्ये धरला, डोक्यावर गॅरेजमध्ये मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, बारीक प्रतीची. हातड्रिल हळू फिरवत आणि त्याच वेळी त्याचा मागचा भाग गोल गोल डोलवत. डोलवलं नाही तर स्क्रूच्या डोक्यावरची खाच कडेवर उमटते. विजेचं ड्रिल नको. थोड्या थोड्या वेळाने पुसून बघायचं. कडेला सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचं चमकदार कडं दिसलं की पुरे.

बोळा ब्रीचकडून ढकलून मझलमधून बाहेर काढला, उलटा ओढला नाही. पेस्टचा एक कणसुद्धा आत राहिला तर तो पुढच्या प्रत्येक छर्ऱ्याबरोबर घासत राहील. नंतर ओल्या-कोरड्या चिंध्या. कांडी आता कुठेच अडकत नाही. स्थिरावल्यावर उजवीकडचा कल गेला.

१७ ऑगस्ट : कार्ड आणि कचरा

प्रत्येक रायफलीला कार्ड लावलं. त्यावर तारखेऐवजी छर्ऱ्यांचा हिशेब आणि ग्रुप. पीसीपीला दर दोन हजार छर्ऱ्यांनी पिशवीवर ग्रुप घ्यायचा. कार्डापेक्षा एक मिमीने वाढला तर आधी स्क्रू, मग छर्रे, मगच दोरी. एस-३ ला दर पाचशेला. ‘शेवटची सफाई’ या रकान्यात पी-२ आणि पी-३ समोर रेघ आहे, ती तशीच बरोबर आहे.

वापरलेल्या चिंध्या, पूड चढलेले छर्रे आणि ट्रॅपमधलं शिसं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जाळायचं नाही, शिशाचा धूर होतो. चिंध्या घातक कचऱ्यात, छर्रे आणि ट्रॅपमधलं शिसं शिसं घेणाऱ्या अधिकृत भंगारवाल्याकडे. टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने, झाडूने नाही. सफाईला नायट्राइलचे हातमोजे, नंतर साबण आणि थंड पाणी, आणि त्याआधी चहा, तंबाखू, सुपारी काहीही नाही, कारण शिसं पोटात जातं ते बोटांवरूनच. लहान मुलांनी सफाईच्या टेबलाशी थांबायचं नाही.

बाकी: एस-४ चं ब्रीच सील कडक झालंय, नवं मागवलंय. ते आलं की बसवून, छर्रा भरून, ब्रीचच्या सांध्याशेजारी सिगारेटचा पातळ कागद धरून फटका मारून बघायचा. कागद हलला तर हवा गळतेय. सिलिका जेल दर शनिवारी.